टाके दारात हवे

जुन्नरच्या लेण्यांत पाण्याचे टाके कोणी दान दिले, हे ब्राह्मी लिपीत कोरलेले आजही वाचता येते. ते टाके लेण्याच्या दारातच खोदलेले असे. आज मराठी विश्वकोशाचे २० खंड, बालभारतीची पाठ्यपुस्तके, ‘स्टोरीवीव्हर’वरील मराठी बालकथा आंतरजालावर विनामूल्य आहेत. परंतु आंबेगावच्या पश्चिमेकडील वाडीत रेंज नसते आणि घरातला एकुलता मोबाइल वडिलांसोबत कामावर जातो. त्या लेकराला ‘मोफत’ म्हणजे काय सांगावे? आपल्या वसतिगृहाच्या ग्रंथालयाने ही पुस्तके उतरवून ठेवावीत, रविवारी भेटीस येणाऱ्या आईवडिलांनाही संगणकापाशी बसू द्यावे. माजी विद्यार्थ्यांनी यंदा भिंतीवरचे घड्याळ देऊ नये (सात झाली आहेत), संगणक द्यावा.