मुदत संपलेला लॅपटॉप

हमीची मुदत संपलेला लॅपटॉप बंद पडला, कीं घरांत दोन पक्ष पडतात. मुलांना तो कालबाह्य झालेला दिसतो. वडिलांना पुढील हप्ते दिसूं लागतात. जेथें एकच लॅपटॉप तीन भावंडें वांटून वापरतात, तेथें हा वाद केवळ हौसेचा राहत नाहीं. आमचा कौल बहुधा दुरुस्तीच्या बाजूचा आहे. मात्र तो डोळे मिटून दिलेला नव्हे.

प्रथम, बिघडलें काय हें पाहिलें पाहिजे. हवा गेली म्हणून कोणी सायकल मोडींत काढीत नाहीं. लिथियम-आयन बॅटरी कांहीं वर्षांत क्षीण व्हावयाचीच. ती झिजणारी वस्तु आहे. पंख्यांत धूळ सांचली, कीं यंत्र तापतें व आपण होऊन मंदावतें. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कच्या जागीं एसएसडी बसविली, तर रखडणारें यंत्र पुष्कळदां पुन्हां तरतरीत होतें. (मित्राच्या घरीं नवा आला म्हणून आपला संथ वाटूं लागणें, हा बिघाड निराळा, त्यावर दुकानांत इलाज नाहीं.) पातळपणाच्या मोहानें घेतलेल्या यंत्राचें मात्र कठीण असतें. त्यांतील रॅम पुष्कळदां मदरबोर्डवरच झाळलेली असल्यामुळें ती बदलतां येत नाहीं.

दुरुस्तीचा खर्च नव्या लॅपटॉपच्या किमतीशीं ताडून पाहण्याची रीत आम्हांस चुकीची वाटते. तो ताडावा त्याच वयाच्या चालत्या यंत्राच्या किमतीशीं, आणि त्यानें मिळणाऱ्या वर्षांशीं. समजा, ३,००० रुपयांची बॅटरी दोन वर्षें चालली, तर वर्षास १,५०० रुपये पडले. ४५,००० रुपयांचें नवें यंत्र पांच वर्षें चाललें, तरी वर्षास ९,००० पडतात. उलट, चहा सांडून मदरबोर्डच गेला असेल, तर आम्ही दुरुस्तीचा आग्रह धरणार नाहीं. तेथें खर्च मोठा व भरंवसा थोडा.

आणखी एक गोष्ट कारागिराच्या हातीं नाहीं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. पुष्कळ जुनीं यंत्रें धडधाकट असूनहि या अटींत बसत नाहींत. सुरक्षेचे नवे सुधार न मिळणाऱ्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु अशा यंत्रावर लिनक्स विनामूल्य घालतां येतें, व निबंध लिहिण्यास आणि धडे पाहण्यास तें पुरेसें आहे.

फुगलेली बॅटरी दिसली, तर मात्र हिशेब करीत बसूं नये. वापर तत्काळ थांबवावा, तिला दाबूं अथवा टोंचूं नये.

मुंबईस लॅमिंग्टन रोडवर चार दुकानें फिरून भाव काढतां येतो. तालुक्याच्या गांवीं एकाच दुकानदाराच्या शब्दावर विसंबावें लागतें. म्हणून पालकांनीं खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा व काढलेला जुना भाग परत मागावा. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं पोर्टल सुरू केलें, तेंहि पाहावें. आणि यंत्र दुकानांत देण्यापूर्वीं, तें चालू होत असेल तर, वर्षभराचीं टिपणें व घरचीं छायाचित्रें दुसरीकडे उतरवून ठेवावीं. यंत्र विकत मिळतें. आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र मिळत नाहीं.

नवें घेण्याचेंच ठरलें, तर जुनें भंगारवाल्याच्या पोत्यांत टाकूं नये. त्यांतील डिस्क काढून ठेवावी, व उरलेलें यंत्र अधिकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावें.