चौविहार आणि काचबिंदूचा थेंब



परवा नणंदेची मुलगी वाळूजला आमच्याकडे आली होती. ती डोळ्यांची डॉक्टर आहे. सूर्यास्ताआधी जेवणं उरकली आणि ती लॅपटॉप उघडून बसली. ऑर्बिस या आंतरराष्ट्रीय संस्थेचं 'सायबरसाइट' नावाचं ऑनलाइन शिक्षण आहे, जगभरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांसाठी आणि तेही मोफत. विषय काचबिंदूचा होता, म्हणून सासूबाईही शेजारी बसल्या. त्यांना काचबिंदू आहे. भाची मधेमधे मराठीत सांगत होती.

या आजारात बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू निकामी होते. आधी कडेचं दिसेनासं होतं, त्यामुळे लक्षातच येत नाही. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी उरलेली टिकते. थेंब घालून काही फरक जाणवत नाही, मग माणसं ते सोडून देतात. हे ऐकून सासूबाई हळूच म्हणाल्या, "पर्युषणात मी रात्रीचा थेंब घातलाच नाही गं. कडू घशात उतरतो, चौविहार मोडतो ना!"

उतरतो हे खरंच आहे. डोळ्यातून नाकात आणि तिथून घशात वाट असते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं हलकेच दाबून धरला, तर फार कमी उतरतो. हे आम्हाला इतक्या दिवसांत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं म्हणा.

लेसरचंही कळलं. २०१९ साली ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नव्यानेच निदान झालेल्यांवर लेसरने सुरुवात केली, तर चारातल्या जवळजवळ तीन डोळ्यांना तीन वर्षं थेंबांशिवाय चाललं. सगळ्या प्रकारच्या काचबिंदूला ते चालत नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

डॉक्टरांनी असं जगभरचं शिकावंच. पण चौविहार म्हणजे काय, हे परदेशातले सर त्यांना कुठून सांगणार? ते आपणच सांगायला हवं. डॉक्टर हसतील म्हणून आपण गप्प बसतो आणि नजर घालवतो, हे मला मुळीच पटत नाही. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतात, महाराजसाहेबांना विचारा. थेंब सूर्यास्ताआधी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने वेळ बदलू नका.

भाचीला म्हटलं, पुढच्या वर्गात हा प्रश्न तूच विचार. आणि काचबिंदू घराण्यात चालतो, म्हणून गुरुवारी आमच्या ह्यांना तपासायला नेतेय.