लघुउद्योजकाचे देयक

मोठ्या कंपनीच्या वित्तविभागात मार्चअखेरचा ताळेबंद जवळ आला, की भोसरीच्या लेथवाल्याचे मंजूर झालेले देयकसुद्धा, केवळ रोकड भरघोस दिसावी म्हणून, एप्रिलमध्ये ढकलले जाते, आणि तो बिचारा कॅश क्रेडिटवर व्याज भरून कामगारांचे पगार भागवतो. 2006 च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्याने अशी देणी चुकवण्याची कमाल मुदत 45 दिवसांची ठरवली, विलंबाला बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. परंतु पुढची ऑर्डर ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध अर्ज कोण करणार? म्हणूनच, सूक्ष्म व लघू उद्योगांची देणी मुदतीत न चुकवणाऱ्यास प्रत्यक्ष भरणा होईपर्यंत आयकरात वजावट नाकारणारी, 2023 च्या वित्त कायद्याने आणलेली तरतूद मला सर्वथा न्याय्य वाटते. संचालक मंडळापुढेही दर तिमाहीस या थकबाकीचा तपशील दिवसवार ठेवला जावा.