घंटाफुलांची लहर आणि रोपवाटिकेचा हिशेब

कॅम्पॅन्युला, म्हणजेच घंटाफूल, या प्रजातीत (निकटचे नाते असलेल्या वनस्पतिजातींच्या समूहात) चारशेहून अधिक जाती असून त्यांपैकी बहुतेकींचे मूळ घर भूमध्य सागराभोवतालचा प्रदेश, कॉकेशस पर्वत आणि युरोपातील थंड कुरणे हे आहे. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत शेतघरांची संख्या वाढत गेली, तशी निळ्या-जांभळ्या फुलांच्या या झाडांची मागणीही रोपवाटिकांकडे येऊ लागली. तिच्यामागोमाग येणारी तक्रारही ठरलेली असते: रोप तजेलदार राहिले पण फुलले नाही, किंवा एकदा फुलून वाळून गेले, किंवा पहिल्याच पावसाळ्यात बुंध्याशी कुजले. याला झाडाची लहर म्हणण्याची पद्धत आहे. परंतु या लहरीमागील कारणे ठाऊक असून त्यांपैकी बहुतेकांचा हिशेब लागवडीपूर्वीच मांडता येतो.

पहिले कारण थंडीचे आहे. अनेक घंटाफुलांना फुलण्यापूर्वी शीतसंस्कार, म्हणजे ठरावीक काळ सलग कमी तापमान, मिळावा लागतो. कॅम्पॅन्युला मीडियम या सर्वपरिचित जातीच्या जुन्या वाणांना सुमारे पाच अंश सेल्सिअसची थंडी कित्येक आठवडे लागते. दुसरे कारण दिवसाच्या लांबीचे आहे. कॅम्पॅन्युला कार्पॅटिकासारख्या जाती दीर्घदिनी आहेत, म्हणजे उजेडाचा काळ सुमारे चौदा तासांच्या पुढे गेल्यावाचून त्या कळ्या धरत नाहीत. तिसरे कारण वयाचे आहे. रोपाने पुरेशी पाने धरून बाल्यावस्था ओलांडलेली नसेल, तर थंडी आणि उजेड मिळूनही त्याच्यावर परिणाम होत नाही. शिवाय कॅम्पॅन्युला मीडियम द्विवर्षायू आहे, म्हणजे पहिल्या वर्षी केवळ पानांचा झुबका धरून दुसऱ्या वर्षी फुलते आणि बी देऊन मरते; ते मरणे हा रोग नसून त्या जातीचा जीवनक्रम आहे.

या तिन्ही गरजा शहापूर-मुरबाडच्या हवामानाशी ताडून पाहिल्यास अपयशाचा उलगडा होतो. येथे हिवाळ्यातील रात्रीचे तापमान काही दिवस बारा-तेरा अंशांपर्यंत उतरले, तरी पाच अंशांची सलग थंडी मिळत नाही. हे तालुके 19 ते 20 उत्तर अक्षांशांच्या दरम्यान असल्याने वर्षातील सर्वांत मोठा दिवसही सव्वातेरा तासांच्या आसपास संपतो, आणि तो जूनच्या अखेरीस, नेमका पावसाळी ढगांच्या दिवसांत येतो. त्यापूर्वीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि नंतरचा मुसळधार पाऊस मुळांभोवतीची हवा कोंडतो. म्हणून थंड प्रदेशातील बहुवर्षायू घंटाफूल येथे कायमचे झाड म्हणून विकणे हे ग्राहकाच्या माथी अपयश मारण्यासारखे आहे.

तरीही ज्यांना हे पीक घ्यावयाचे आहे, त्यांनी ते हिवाळी हंगामापुरतेच धरावे. शीतसंस्काराविना फुलणारे संकर वाण आता उपलब्ध असून त्यांचीच निवड करावी. बी अत्यंत बारीक असते व त्याला रुजण्यासाठी उजेड लागतो, यासाठी पाऊस ओसरल्यावर ते कोकोपीटच्या ट्रेमध्ये पृष्ठभागावरच पेरावे, मातीने झाकू नये आणि पाणी फवाऱ्याने किंवा ट्रेच्या तळातून द्यावे. या वाणांनाही मोठा दिवस लागतो. त्यामुळे रोपांनी पाने धरल्यानंतर रात्री दहा ते दोन या वेळात दिवे लावून रात्र तोडावी, म्हणजे अखंड अंधार दोन तुकड्यांत विभागावा, कारण झाड दिवसाची लांबी प्रत्यक्षात अंधाराच्या सलग काळावरून ओळखते. खाचराची चिकट माती कुंडीत भरू नये. मुरूम, वाळू आणि कुजलेले शेणखत यांचे निचरा होणारे मिश्रण वापरावे.

घंटेच्या आकाराच्या फुलांची हौस मात्र परदेशी बियाण्यावर अवलंबून ठेवण्याचे कारण नाही. माळशेज, नाणेघाट, सिद्धगड आणि माहुलीच्या उतारांवरील कारवी वनस्पतिशास्त्रदृष्ट्या अडुळशाच्या कुळातील असली, तरी तिची जांभळी फुले घंटेसारखीच असतात. तिची काठी कुडाच्या भिंतींसाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे, आणि ती फुलते त्या वर्षी मधमाश्यांना विपुल खाद्य मिळते. कारवी साधारणपणे सात-आठ वर्षे केवळ वाढते, मग एकाच हंगामात डोंगरच्या डोंगर फुलतो आणि बी देऊन झाडे मरतात; मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2008 आणि 2016 या वर्षी असा सामूहिक बहर आला होता. ही सारी झाडे एकाच बहराच्या बियांतून उगवलेली, म्हणजे समवयस्क असतात. एका डोंगराचे आणि शेजारच्या डोंगराचे वर्ष वेगळे असू शकते तेही यामुळेच.

रोपवाटिकेच्या दृष्टीने ही गोष्ट अतिशय उपयुक्त आहे. बहरानंतरच्या उन्हाळ्यात कारवीची बोंडे वाळतात आणि पहिल्या पावसाचे पाणी लागताच तडकून बी दूर फेकतात. म्हणून बी वैशाखाच्या अखेरीपर्यंत गोळा करून मृगाच्या पावसाबरोबर पेरावे. वेगवेगळ्या वर्षी फुललेल्या उतारांचे बी आपापल्या वर्षी पेरून एकाच बांधावर निरनिराळ्या वयाच्या रांगा लावल्या, तर सगळी बाग एकदम ओस पडण्याचा धोका टळतो. हे बी मालकी जमिनीवरूनच घ्यावे. शहापुरातील तानसा अभयारण्यातून किंवा मुरबाडमध्ये उतरलेल्या भीमाशंकर अभयारण्याच्या भागातून परवानगीशिवाय वनस्पती अथवा बी नेण्यास वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 चा प्रतिबंध आहे.

घंटाफुलाच्या खऱ्या कुळातील सह्याद्रीची वनस्पती म्हणजे ढवळ. घाटमाथ्यावर पुरुषभर वाढणाऱ्या, तंबाखूसारख्या पानांच्या या झाडाला थंडीच्या दिवसांत पांढऱ्या फुलांचा लांब तुरा येतो. परंतु त्यात लोबेलिन हे विषारी द्रव्य असल्याने मुलांचा आणि गुरांचा वावर असलेल्या बागेसाठी ते सुचवू नये.

व्यवसायाने यातून तीन नेम स्वीकारणे आवश्यक आहे. विक्रीच्या प्रत्येक रोपावर आयुर्मान, फुलण्याची अट आणि फुलोऱ्यानंतर झाडाचे काय होते, हे मराठीत छापलेले असावे. पेरणीचा दिवस, बियाण्याचे ठिकाण आणि पहिली कळी यांची नोंदवही प्रत्येक रोपवाटिकेत असावी. कारवीसारख्या झाडाची नोंद एका मालकाच्या हातून पुढच्याकडे जावी लागेल, हे ध्यानात ठेवून ती लिहावी. तसेच एकाच वेळी सगळे बी न पेरता दरवर्षी थोडे पेरण्याची शिस्त पाळावी. ग्राहकाला द्विवर्षायू झाड द्विवर्षायू म्हणूनच सांगितले, तर त्याच्या मरणाची तक्रार येणार नाही, आणि कारवीची रोपे नेणारा सात वर्षे थांबण्याची तयारी ठेवूनच नेईल. असा जाणता ग्राहक घडवणे हे रोप वाढवण्याइतकेच रोपवाटिकाधारकाचे काम आहे.