यादी म्हणजे सूची नव्हे

आमच्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्यांच्या साहाय्यासाठी साठेक फाइली एका फोल्डरमध्ये ठेवलेल्या आहेत : प्रवेश, परीक्षा, शिष्यवृत्ती, वसतिगृह इत्यादी. त्यांची सूची करावी अशी सूचना आली, तेव्हा ती 'आपोआप' करून घेण्याचे ठरले. प्रोग्रॅमने फोल्डर वाचला, प्रत्येक फाइलचे शीर्षक उचलले आणि सारी शीर्षके अकारविल्हे लावून दिली. काम काही क्षणांत झाले. या सूचीत 'स'खाली एकोणीस नोंदी आहेत. त्यांतल्या बहुतेक 'सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की' किंवा 'सुधारित सूचना' अशा सुरू होतात.

हसून सोडून द्यावे असे हे प्रकरण नाही. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी या सूचीत दोन दिवस 'रिचेकिंग' शोधत होती. माहिती तेथे होतीच, पण 'सुधारित सूचना : पुनर्मूल्यांकनाबाबत' या शीर्षकाखाली. ती माझ्याकडे आली तेव्हा मुदत संपलेली होती. तिने कार्यालयात विचारायला हवे होते, असे म्हणणाऱ्यांनी कार्यालयाची खिडकी किती वाजता बंद होते तेही सांगावे.

माझा आक्षेप यंत्राला नाही. यंत्राने केलेल्या यादीला सूची म्हणण्याला आहे. यादी मजकुरातले शब्द मोजते. सूची करणाऱ्याला मजकुरात नसलेला, पण वाचकाच्या मनात असलेला शब्द सुचावा लागतो. विश्वकोशाच्या नोंदीअखेरचे 'पहा' हे कोणीतरी दोन नोंदी वाचून, त्यांचे नाते ठरवून लिहिलेले असते. केतकरांनी ज्ञानकोशाला स्वतंत्र सूचिखंड जोडला, तो काही पाने उरली म्हणून नव्हे.

शीर्षकातले शब्द उचलून यंत्राकडून सूची करवण्याची कल्पना जुनी आहे. १९५०च्या दशकाच्या अखेरीस आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी ती प्रत्यक्षात आणली आणि रसायनशास्त्रीय नियतकालिकांतील लेखांसाठी ती उत्तम चालली. कारण उघड आहे. रसायनशास्त्रज्ञ आपल्या लेखाच्या शीर्षकातच द्रव्याचे नाव घालतो. आपली परिपत्रके 'बाबत' आणि 'संदर्भात' यांवर जगतात. त्या पद्धतीत क्षुल्लक शब्द आधी गाळायचे असतात. त्या चाळणीतून 'नाही' गळाले, तर 'शुल्क परत मिळेल' आणि 'शुल्क परत मिळणार नाही' या दोन्ही फाइली एकाच नोंदीखाली शेजारी बसतील.

त्यातून भाषा मराठी. गुणपत्रिकेवरच्या नावात चूक झालेला विद्यार्थी 'चूक' शोधतो. फाइलीत असते 'चुकांची दुरुस्ती'. सामान्यरूपात दीर्घाचा ऱ्हस्व होतो हे आपण शाळेत शिकतो, परंतु केवळ अक्षरे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला 'चूक' आणि 'चुका' हे परके शब्द आहेत. 'दुसऱ्या सत्राची परीक्षा' यातला 'ऱ्या' संगणकात दोन निराळ्या प्रकारे साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही. वर्णक्रमही केवळ संकेतांकांवर सोडला की 'ळ' आपली 'ह'नंतरची जागा सोडून 'ल'ला जाऊन चिकटतो.

आता कोणी म्हणेल, हे सारे दोष दूर करणारी साधने आली आहेत. रूपे ओळखतात, समानार्थी शब्दही जुळवतात. खरे आहे, आणि ती जरूर वापरावीत. परंतु शोधखिडकीत काय टाकायचे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच तिचा उपयोग. सूची चाळता चाळता 'अरे, अशीही सोय आहे' असे कळते. आपल्याला गुणपडताळणी मागता येते हेच ज्या मुलीला माहीत नाही, ती तो शब्द टंकित कसा करणार?

आणि संगणक-विभागाला दोष देण्याआधी आपण मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्या कपाटाकडे पाहावे. शेकडो पानांचे समीक्षाग्रंथ आपण सूचीविना छापतो. फार झाले तर अखेरीस व्यक्तिनामांची यादी देतो. पीएच.डी.चा प्रबंध तपासताना विषयसूची मागणारा परीक्षक मला अद्याप भेटायचा आहे. पुस्तकातली एखादी संकल्पना कुठे कुठे आणि कोणत्या अर्थांनी आली हे सांगणे हे समीक्षेचेच काम नव्हे काय? ते कारकुनी समजून आपण टाकले, आणि आज तेच काम प्रोग्रॅमवर सोपवले गेले म्हणून कुरकुरतो आहोत.

एम.ए.च्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही त्या साठ फाइली वाचायला बसलो. यंत्राने काढलेले शब्द समोर होते, त्यांचा उपयोगही झाला. पहिला वाद 'रिचेकिंग'वरच झाला. 'पुनर्मूल्यांकन पहा' एवढे पुरे, असे माझे मत. परीक्षा विभागातल्या लिपिकबाईंनी ते खोडून काढले. गुणपडताळणीत केवळ गुणांची बेरीज आणि न तपासलेली उत्तरे पाहतात. पुनर्मूल्यांकनात उत्तरपत्रिका दुसरा परीक्षक नव्याने तपासतो. दोहोंचे अर्ज वेगळे, शुल्क वेगळे. मुले मात्र दोन्हींना 'रिचेकिंग'च म्हणतात. नोंद अशी झाली : 'रिचेकिंग : पहा गुणपडताळणी, पुनर्मूल्यांकन.' तिसऱ्या दुपारी आम्ही 'वसतिगृहा'पर्यंत पोहोचलो.