माळरानासाठीही धोरण हवे

‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ या मासिकांविषयी आपण वर्गात भरभरून बोलतो. ती ज्या माळावर जन्मली त्या माळाकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. बेळगाव सोडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन दिली, कर्जही दिले. तेथे ना कारागिरांची वस्ती होती, ना पूरक धंदे. कारखान्यामागून वसाहत आली, छापखाना आला, १९२० मध्ये मासिक आले.

आजच्या समूहविकास योजना उद्योगांची दाटी आधीच झालेली असेल तेथे पोचतात. इचलकरंजीच्या यंत्रमागांना सामायिक सुविधा जरूर मिळाव्यात. पण जेथे पहिलाच कारखाना उभा राहायचा आहे, तेथे ‘समूह’ दाखवायचा कोठून?

आम्हांला संस्थानी कृपेचे गोडवे गायचे नाहीत. राजाची मर्जी म्हणजे धोरण नव्हे. परंतु त्या मर्जीत जे होते, म्हणजे जागा, पतपुरवठा आणि फळ येईपर्यंतचा धीर, ते लोकशाही शासनाला नियमांत बसवता आले पाहिजे. प्रत्येक माळाची किर्लोस्करवाडी होणार नाही. काही पैसा बुडेलही. तो हिशेब लोकांपुढे उघड मांडावा.

आमचे विद्यार्थी पदवी हाती पडताच पुण्याची गाडी धरतात. त्यांच्यामागे गावात वाचकही उरत नाही. म्हणूनच हा प्रश्न केवळ अर्थशास्त्र विभागाचा आहे, असे आम्ही मानत नाही.