मोठेपणी कोण होणार?

दहावीचा निकाल लागला की घराघरांत एकच चर्चा सुरू होते: मूल पुढे कोण होणार? डॉक्टर, इंजिनिअर म्हटले की चेहरे खुलतात. शिवणकाम, गॅरेज म्हटले की उतरतात. या महिन्यात आम्ही सुचवतो आहोत तो अ‍ॅनिमेशनपट याच प्रश्नाभोवती फिरतो. पिक्सारचा २०२० सालचा ‘सोल’, म्हणजे रूह. त्याला ऑस्करही मिळाले आहे.

जो गार्डनर न्यूयॉर्कच्या एका शाळेत संगीत शिकवतो. नोकरी कायम झाली म्हणून आई खूश. याचा जीव मात्र मैफलीत पियानो वाजवण्यात. ती संधी मिळते त्याच दिवशी तो रस्त्यावरच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडतो आणि त्याची रूह न जन्मलेल्या रूहांच्या जगात पोहोचते. तिथली ‘२२’ नावाची रूह पृथ्वीवर यायलाच तयार नाही. तिला समजावता समजावता मुहम्मद अलींनीही हात टेकलेले!

पुढे दोघे पृथ्वीवर येतात. जोचा न्हावी सांगतो, त्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचे होते. मुलगी आजारी पडली, पैसा पुरेना, म्हणून तो केशकर्तन शिकला. तरी तो दुःखी नाही. आलेल्या माणसाशी चार शब्द बोलणे, त्याला नीटनेटका करून पाठवणे, यातच त्याचा आनंद. उलट जोची मैफल रंगते, पण बाहेर पडताच त्याला रिकामे वाटते. हुनर म्हणजेच जगण्याचा हेतू नव्हे, हे त्याला तेव्हा उमगते.

मुलांना एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगावी. चित्रपटातले रूहांचे जग कल्पनेतले आहे. आपला अकीदा तो नाही. आदमच्या संततीने अल्लाहला रब मानल्याची साक्ष दिली, हे सूरह आराफमध्ये आहे. माणसाची निर्मिती इबादतीसाठी झाली, हे सूरह जारियातमध्ये आहे. म्हणजे हेतू ठरलेलाच आहे. पेशा तेवढा निवडायचा असतो. हलाल कमाई करणारा शिंपीही तो हेतू पुरा करतो आणि सर्जनही.

जोला शिकवणे दुय्यम वाटे. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांचे दरबारी गायक उस्ताद अल्लादिया खाँ होऊन गेले. आवाज बिघडल्यावर त्यांनी नवी गायकी घडवली आणि शिष्यांना दिली. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर यांचे गाणे १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेले. शिकवलेले कुठवर पोहोचेल, हे शिकवणाऱ्याला कुठे ठाऊक असते?

हा चित्रपट मुलांना एकटे बसवून दाखवू नका, सोबत बसा. मृत्यूचा विषय आहे, लहानगे प्रश्न विचारतील. संपल्यावर ‘कोण होणार?’ याऐवजी ‘कसा माणूस होणार?’ एवढे विचारून पाहा. उत्तराची घाई नको.